पूजेच्या फुलांचा पत्ता

पावसाळा तोंडावर आला की अनेकजणी मला एकच विचारतात: "ताई, यंदा परसात काय लावू? देशी लावा देशी लावा म्हणतात, पण देशी म्हणजे नेमकं कुठलं?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधायला बसलं की आठ-नऊशे वर्षं मागे जावं लागतं. म्हणून यंदा झाडांची यादी देण्याआधी त्यांचा इतिहास सांगते.

सकाळी बस्तीला जाताना आपण जी परडी नेतो, तिच्यात काय असतं? झेंडू, शेवंती, निशिगंध, पांढरा चाफा, जास्वंद, असला तर मोगरा. यातला झेंडू मेक्सिकोचा. निशिगंधही मेक्सिकोचा. पांढरा चाफा, ज्याला आपण देवचाफा म्हणतो आणि ज्याच्याशिवाय देवळाचं आवार पुरं होत नाही, तो मध्य अमेरिकेकडचा. शेवंती चीनकडची, जास्वंद पूर्वेकडच्या देशांतून आलेली. उरला मोगरा. म्हणजे देवापुढे आपण जवळजवळ सगळं जग ठेवतो. यात वाईट काही नाही. पण 'आपली पारंपरिक फुलं' असं म्हणताना तोंडातला घास जरा चावून खावा, एवढंच.

मग पूर्वी काय वाहत असतील? याला आपल्याच जिल्ह्यात एक छान धागा सापडतो. कागलजवळ बामणी नावाचं गाव आहे. तिथे शिलाहार राजा विजयादित्याच्या काळातला, साधारण ११५० च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. पार्श्वनाथ भगवंतांच्या मंदिराला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दानात एक शेत आहे, एक घर आहे आणि एक फुलबाग आहे. कशासाठी, तर भगवंतांची अष्टविध पूजा, मंदिराची डागडुजी आणि मुनींचा आहार यांसाठी. शेत आणि घर समजू शकतं. पण राजाच्या दानपत्रात फुलबाग शेताच्या पंक्तीला बसलेली पाहून मला फार बरं वाटलं. पूजेची फुलं तेव्हा बाजारातून येत नव्हती. त्यांच्यासाठी जमीन राखून ठेवलेली होती, म्हणजे ती राखणारा माणूसही असणार.

(आपल्या दक्षिण महाराष्ट्रात बीसपंथी रिवाज, त्यामुळे फुलं वाहण्याची चाल टिकली. तेरापंथी मंडळी फुलांच्या जागी केशरात रंगवलेले तांदूळ वाहतात. त्यांच्यापुरता हा लेख निम्मा वाचला तरी चालेल. उरलेला निम्मा परसाचा आहे.)

त्या बागेत कुठली फुलं होती हे शिलालेख सांगत नाही. पण कुठली नव्हती हे आपण खात्रीनं सांगू शकतो. झेंडू नव्हता, निशिगंध नव्हता, देवचाफा नव्हता, गुलबक्षी नव्हती, बोगनवेल नव्हती. अमेरिका खंडाशी आपला संबंध यायला अजून साडेतीनशे वर्षं होती. असू शकत होते ते सोनचाफा, बकुळ, पारिजातक, जाई, कुंद, मोगरा, केवडा, कण्हेर, अबोली आणि जवळ तळं असेल तर कमळ. ही यादी वाचताना लक्षात येईल की यातली बहुतेक फुलं वासाची आहेत आणि बरीचशी संध्याकाळी किंवा पहाटे उमलणारी आहेत. आजच्या परडीत रंग जास्त आणि वास कमी आहे. झेंडू दोन दिवस टिकतो, तागडीत वजनाला भरतो. पारिजातक दुपारपर्यंत मावळतो. बाजाराला कोण परवडणार हे वेगळं सांगायला नको.

याच विजयादित्याचा मुलगा दुसरा भोज. आमच्या डोक्यावर उभा असलेला गगनगड त्यानं बांधला असं परंपरेनं मानतात. म्हणजे बामणीची फुलबाग आणि आमचा गड यांच्यात एका पिढीचं अंतर.

आता उडी मारून पोर्तुगिजांकडे येऊ. १५१० मध्ये गोवा त्यांच्या हातात गेला आणि तिथून पुढची दीड-दोनशे वर्षं झाडांची नुसती वर्दळ झाली. बटाटा, काजू, अननस, पपई ही नावंच मुळी त्यांच्याकडून आली. मिरची आली. मका, भुईमूग आला. कोल्हापूरची ओळख म्हणून आपण जी तिखट चटणी मिरवतो, तिचा मुख्य घटक पाचशे वर्षांपूर्वी या मातीत नव्हता. (आणि आपल्या घरात ती कांदा-लसणाशिवाय होते, हा वेगळा अध्याय. कोणाला पटत नाही की ती तरीही चांगली लागते.)

बटाट्यावरून एक गंमत आठवली. आपण बटाटा खात नाही, कारण तो अनंतकाय. पण ज्या आचार्यांनी कंदमुळांचा विचार केला त्यांच्यापुढे आलं होतं, सुरण होता, इथले कंद होते. बटाटा त्यांनी पाहिलेलाच नाही. तरी तो आला तेव्हा आपल्या माणसांना कोड्यात पडावं लागलं नाही. नियम नावावर नव्हता, झाडाच्या वाढण्याच्या रीतीवर होता. जमिनीत राहून प्रत्येक डोळ्यातून नवं झाड उभं करणारा म्हटल्यावर निकाल लागला. 'देशी की परदेशी' या वादातही मला हीच रीत बरी वाटते: झाडाचं नाव किंवा गाव विचारण्याआधी ते इथे राहून करतं काय हे बघायचं.

गोव्यात तेव्हा गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. त्यानं इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात आपला पारिजातक आहे. रात्री फुलतो आणि सकाळी सगळं सांडून उदास उभा राहतो, म्हणून त्या लोकांनी त्याला दुःखी झाड म्हटलं. आपण ज्याला स्वर्गातून आणलं, त्यांनी त्याला रडवलं. झाडांची नावं फार बोलकी असतात. मल्याळममध्ये काजूला परंगी मावु म्हणतात, म्हणजे फिरंगी आंबा. तिथल्या लोकांनी पाहुण्याचा पत्ता नावातच लिहून ठेवला. आपण मात्र अमेरिकेतून आलेल्या फळांना सीताफळ आणि रामफळ अशी नावं देऊन थेट घरात घेतलं. चार पिढ्यांनी कोण ओळखणार पाहुणा कोणता ते!

आता गगनबावड्याकडे येते, कारण या विषयात आमच्या गावाचा मान मोठा आहे. गगनबावडा ही पंत अमात्य बावडेकरांची जहागीर. त्यांचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य. शिवाजी महाराजांच्या काळापासून स्वराज्याची सेवा केलेला हा माणूस. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा कारभार त्यांनी सांभाळला, आणि उतारवयात, १७१५ च्या सुमारास, करवीरच्या संभाजीराजांच्या वेळी 'आज्ञापत्र' लिहिलं. राज्य कसं चालवावं याचं हे पुस्तक. किल्ले, आरमार, सावकार, वतनदार असे त्यातले विषय. पण त्यात झाडांवर जे लिहिलं आहे ते प्रत्येक गृहिणीनं वाचावं असं मला वाटतं.

आरमारासाठी लाकूड लागतं, सागवानासारखी झाडं लागतात, ती हुकुमानं तोडावीत. पण आंबा आणि फणस यांना हात लावू नये असं पंत सांगतात. कारण देताना ते राजनीती सोडून घरात येतात. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लावून लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्या माणसांच्या दुःखाला पारावार राहत नाही, आणि असं दुःख देऊन केलेलं काम टिकत नाही. झाड अगदीच जीर्ण झालेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं न्यावं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एका कारभाऱ्यानं हे लिहिलं. आज रस्ता रुंद करताना परसातलं झाड जातं तेव्हा बाईला कोण राजी करतं?

गडांबद्दल लिहिताना तर पंतांनी बागच लावून दिली आहे. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे मोठे वृक्ष. लिंबू, नारिंगासारखी लहान झाडं. फुलझाडं आणि वेलीसुद्धा. उपयोगाचं असो वा नसो, जे झाड तिथे होईल ते लावावं, जपावं, वेळ आली तर निदान लाकूड तरी कामी येईल, असा त्यांचा हिशेब. 'होईल ते' यात खरी मेख आहे. त्यांच्या यादीतली चिंच मूळची आफ्रिकेची मानतात. ती इतक्या प्राचीन काळी आली की अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' असं नाव दिलं आणि तिची मूळ ओळखच पुसली गेली. म्हणजे पंतांना देशी-परदेशीचा सोस नव्हता. त्यांना हवं होतं गडाच्या खडकावर, आमच्या या पावसात आणि वाऱ्यात टिकणारं झाड. ते टिकतं का, आणि अडीअडचणीला माणसाला आधार देतं का, एवढ्या दोन कसोट्या.

मग ही 'देशी' आणि 'परदेशी' अशी दोन खाती उघडली कोणी? बहुतेक इंग्रजांनी. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान सुरू केलं. बाहेरची उपयोगी झाडं आणून इथे रुजवून पाहायची, हा हेतू. पुढे तिथे डॉ. अलेक्झांडर गिब्सन आले. त्यांनी एका देशी चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली, ती आता एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र जपलं गेलं नाही. गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी आणि डॅलझेल यांनी मिळून १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' छापला. त्या पुस्तकाची मांडणीच अशी: मुख्य भागात इथल्या मूळच्या वनस्पती, आणि मागे पुरवणीत बाहेरून आणलेल्या आणि इथे स्थिरावलेल्या. आपल्या झाडांच्या जन्मदाखल्याचं हे पहिल्या काही वह्यांपैकी एक. गंमत अशी की ज्यांनी वही काढली तेच बाहेरची झाडं आणून त्या पुरवणीत भर घालत होते.

या आणण्याच्या हौसेत काय काय घडलं त्याची एक गोष्ट आपल्याला विशेष लागू आहे. फड्या निवडुंग अमेरिकेचा. कंपनी सरकारला तो हवा होता कारण त्याच्यावर कोचिनील नावाचा किडा वाढतो, आणि तो किडा वाळवून, कुटून किरमिजी रंग करतात. आजही काही लाल मिठायांत, औषधांत, ओठांच्या रंगात हा असतो, म्हणून आपण डबा उलटून ई-१२० हा आकडा बघतो. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बागच केली. १७९५ मध्ये किडा आला, पण निघाला भलत्याच जातीचा. रंग कसला, त्यानं निवडुंगच फस्त केला. निवडुंगाच्या दुसऱ्या जाती मात्र तगल्या, कुंपणाकुंपणानं पसरल्या आणि दख्खनच्या माळावर डोकेदुखी होऊन बसल्या. कोट्यवधी जीव मारून रंग करायचा बेत, आणि हाती आले काटे. मी यावर जास्त काही लिहीत नाही.

घाणेरीची कथा अशीच बागेतून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झाड म्हणून आली. रंगीत फुलं, गुरं तोंड लावत नाहीत, कुंपणाला उत्तम. साहेबांच्या बंगल्यांभोवती लागली, पाखरांनी फळं खाल्ली, बिया रानात टाकल्या, आणि आता देशातलं क्वचित एखादं रान तिच्यावाचून असेल. जलपर्णी, जिला आपण केंदाळ म्हणतो आणि जी पंचगंगेत दरसाल गालिच्यासारखी पसरते, तीही शोभेसाठीच आणली गेली. रानमोडीसुद्धा बागेतूनच सुटली असं मानतात. तिचं नावच बघा, रान मोडणारी. नाव देणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण त्याला सगळं कळलं होतं. गाजरगवताची नोंद १९५६ मध्ये पुण्यातून झाली. ते अमेरिकन गव्हाच्या पोत्यांतून आलं असं सर्रास सांगतात. त्यावर जाणकारांत वाद आहे, पण ते बागेतून आलं नाही एवढं खरं.

म्हणजे पाहुणे दोन जातींचे. झेंडू पाचशे वर्षं इथे आहे, पण आपण लावला तरच उगवतो, कुंपण ओलांडत नाही. देवचाफा फांदी लावावी तिथेच उभा राहतो. मिरची तर लाडाची लेक. यांच्याशी भांडण कशाला? घाणेरी, रानमोडी, केंदाळ यांची गोष्ट वेगळी. ती आपल्या दारात रुजतात आणि शेजाऱ्याच्या रानात पसरतात. अलीकडे घाटरस्त्याच्या कडेनं नारिंगी कॉसमॉस फुललेला दिसतो, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मला तो बघून धडकी भरते. त्याची पाकिटं आणून परसात टाकू नका, असं मी प्रत्येकीला सांगते.

आता 'देशी' या शब्दाचं दुसरं कोडं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, सासर गगनबावड्यात. जिल्हा एकच. पण शिरोळला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि इथे पाच हजाराच्या पुढेमागे. दहापट फरक! तिथली काळी माती, इथला जांभा. तिथे कडुनिंब दाराशी हवाच. इथे तो कुढत राहतो, कारण त्याला कोरडी हवा मानवते. दोन्हीकडे तो भारतीयच. मग माझ्या दाराशी तो देशी म्हणायचा का? असंच सालाचं झाड. महावीर भगवंतांना केवलज्ञान साल वृक्षाखाली झालं म्हणून अलीकडे तीर्थंकर वनात साल लावण्याची हौस असते. भावना चांगलीच आहे, पण साल हे मध्य आणि उत्तर भारताच्या जंगलांचं झाड, सह्याद्रीत ते मूळचं नाही. त्यापेक्षा ऋषभदेवांचा वड लावा. तो आपल्याकडे कुठेही तग धरतो, फक्त जागा मोठी हवी.

आमच्या भागाची देशी झाडं बघायची तर रोपवाटिकेत नाही, देवराईत जावं. गगनबावडा, शाहूवाडी या पट्ट्यात अजून देवराया आहेत. देवाच्या नावानं कोयता न लागलेलं रान. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा शहरातल्या लोकांना त्यांची किंमत कळली. आमच्या जिल्ह्याच्या वनस्पतींची नीट नोंद शिवाजी विद्यापीठाच्या एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांच्या २००२ सालच्या ग्रंथात आहे. यादव सरांनी कंदीलपुष्पांसाठी केलेलं काम मोठं आहे. कंदिलासारखी नाजूक फुलं येणाऱ्या या वनस्पती सड्यांवर आणि कड्यांवर उगवतात, काही तर फक्त सह्याद्रीतच. त्यांच्या खाली कंद असतो आणि तो खणून खातात, हे त्या कमी होण्याचं एक कारण. कंदमूळ न खाण्याचा नियम मला लहानपणापासून पाठ होता, पण खणलेल्या एका कंदाबरोबर आख्खी जात हलते हे मी कंदीलपुष्पापाशी शिकले. आंबोलीच्या सड्यावरच्या एका कंदीलपुष्पाच्या शास्त्रीय नावात 'जैनी' असा शब्द आहे. आनंदून जाऊ नका, ते वनस्पतिशास्त्रज्ञ एस. के. जैन यांच्या सन्मानार्थ दिलेलं नाव आहे.

इथवर इतिहास झाला. आता जो प्रश्न मला खरा अवघड वाटतो त्याकडे येते. तो शास्त्रज्ञ विचारत नाहीत, आपल्या घरातल्या मोठ्या बायका विचारतात. देशी झाडावर किडे येतात. अळ्या पडतात. विदेशी शोभेच्या झाडाचं पान कसं चकचकीत, भोक म्हणून नाही. मग ज्या घरात पाणी गाळून पितात, दिवा झाकून ठेवतात, त्या घराला कीड न येणारं झाडच बरं नाही का? जीवच नाहीत तर हिंसाही नाही. माझ्या सासूबाईंचा हा मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

मी त्याला आपल्याच शास्त्रातून उत्तर शोधलं. श्रावकाच्या आठ मूलगुणांत मद्य, मांस, मध यांच्याबरोबर पाच उदुंबर फळांचा त्याग सांगितला आहे: वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर. का? कारण त्या फळांत त्रस जीव असतात. आज विज्ञान सांगतं की उंबराच्या कुळातल्या झाडांची फुलं फळाच्या आतच असतात, आणि त्यांचं परागीभवन करणारी चिलटासारखी वीण प्रत्येक जातीची जवळपास स्वतंत्र असते. ती नाही तर उंबराला बी नाही. आचार्यांनी फळ फोडून बघितलं, आत हालणारे जीव दिसले, आणि त्यांनी सांगितलं की हे तुमचं अन्न नाही. पण ही झाडं तोडा किंवा लावू नका असं सांगितलं का? उलट वडाखालीच आदिनाथांना केवलज्ञान झालं. फळ माणसासाठी नाही, म्हणून ते दुसऱ्या कुणासाठी तरी आहे. हरियाल, म्हणजे हिरवं कबूतर, आपला राज्यपक्षी, उंबर पिकला की थव्यानं उतरतो. शेकरू येतं, बुलबुल येतात, धनेश येतो.

ज्या झाडावर एकही जीव जगत नाही ते झाड अहिंसक नाही, ते नुसतं उपाशी ठेवणारं आहे, असं मी सासूबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "शब्दांत मला गुंडाळू नकोस." पण नंतर कढीपत्त्यावरची अळी त्यांनीच मला दाखवली. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते ती, पुढे हिरवी होते आणि मग काळं-पांढरं फुलपाखरू. कढीपत्ता आणि लिंबू यांच्या कुळावर अशा फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आपलं राज्य फुलपाखरू निलवंतसुद्धा त्याच कुळावर. अमेरिकेत डग्लस टॅलमी यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं: परसात बाहेरचीच झाडं असली की अळ्या नाहीत, आणि अळ्या नाहीत तर पिल्लांना भरवायला पक्ष्यांकडे काही नाही. घाणेरीवर फुलपाखरं दिसतात ना, असं कोणी म्हणेल. दिसतात, मध प्यायला. अंडी घालायला ती बहुतेक दुसरीकडे जातात. खाणावळ आणि घर यांत फरक असतो.

आणि आपल्या चातुर्मासाची सोय बघा. पावसाळ्यात पालेभाजी वर्ज्य, कारण पानोपानी जीव. आमच्या घरी कढीपत्ताही त्या चार महिन्यांत तोडत नाही. नेमक्या त्याच दिवसांत फुलपाखरांची वीण जोरात असते. झाड त्यांचं त्यांना मिळतं. दिवाळीनंतर झाड आमचं, तेव्हाही पान पाठपोट शोधून घेऊनच फोडणीत.

घाणेरी उपटावी की नाही हा दुसरा वाद. एकेंद्रिय असली तरी जीवच आहे. पण गृहस्थाला शेती-घराची आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, संकल्पी टाळायची असते. मग जे करायचं ते कमीत कमी जीव दुखावून. औषध मारायचं नाही, पेटवायचं नाही. मी पहिल्या पावसानं माती मऊ झाली की, फुलं धरण्याआधी, खोडाच्या गड्ड्याखाली कुदळ घालून झुडूप मुळासकट काढते आणि मुळं वर करून ठेवते. नुसतं छाटलं तर ती दुप्पट फुटते. काढण्याआधी फांद्यांत घरटं नाही ना हे बघते. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच दिवशी अडुळसा किंवा निर्गुडीची फांदी खोचायची, म्हणजे कुंपण उघडं पडत नाही. जागा रिकामी सोडली तर रानमोडी वाटच बघत असते.

आता यादी, ज्यांना फक्त तीच हवी होती त्यांच्यासाठी. घाटमाथ्यावर जागा असेल तर बकुळ, सोनचाफा आणि ताम्हण. ताम्हण आपलं राज्यपुष्प, मे महिन्यात जांभळं होतं, गुलमोहराची आठवणही येत नाही. कोकणच्या बाजूला उतारावर राहणाऱ्यांनी सुरंगी लावावी, धीर मात्र हवा. पारिजातक छोट्या अंगणातही होतो. कुंडी असेल तर अबोली, जाई, कुंद, मोगरा. शिरोळ, हातकणंगल्याकडे कडुनिंब, आपटा, बेल. झेंडू, मिरची, देवचाफा खुशाल ठेवा. उंबर घराच्या पायापासून लांब, बांधाच्या कोपऱ्यात. मुळं भिंतीत शिरतात.

रोपं विकत आणायची घाई करू नका. बकुळीखाली पिकलेली फळं पडतात, त्यांतली बी धुऊन पिशवीत टाकली तर उगवते, सावकाश का होईना. उंबराचं तर लावायलाही नको. बुलबुलाची शीट पडली की गडग्याच्या फटीत उगवतोच. आमच्या न्हाणीच्या मागे गेल्या वर्षी दोन आले, बोटभर असतानाच काढून बांधावर नेले. एक जगला आहे. सासूबाई त्याला उन्हाळ्यात गाळलेलं पाणी घालत होत्या.